पडद्यामागचा आवाज

संस्कृत नाटकातला सूत्रधार मोठा सरळ माणूस. नांदी झाली की तो सर्वांच्या आधी रंगमंचावर येतो, नाटकाचे नाव सांगतो, कवीची ओळख करून देतो, नटीशी दोन शब्द बोलतो आणि पात्रांना जागा करून देऊन निघून जातो. गेली वीसएक वर्षे मी वर्गात हे शिकवीत आलो आहे. पण याच शब्दाला मराठीत केव्हातरी दुसराही एक अर्थ येऊन चिकटला. दरोड्याचा सूत्रधार, कटाचा सूत्रधार! हा सूत्रधार रंगमंचावर कधी पाऊल टाकीत नाही. नाटक दुसऱ्यांनी करावयाचे, तुरुंगात दुसऱ्यांनी जावयाचे. दोऱ्या मात्र याच्या बोटांत. आणि याचे नाव वाचकाला कळते ते अगदी शेवटच्या प्रकरणात.

या दुसऱ्या सूत्रधारावर आपण मराठी माणसांनी मनापासून प्रेम केले आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. अभ्यासाच्या पुस्तकात झुंजार किंवा काळापहाड दडवून न वाचलेला माणूस त्या काळच्या चाळींतून शोधूनही सापडला नसता. म्हणूनच ज्या चित्रपटाविषयी आज लिहावयाचे आहे, तो जर्मन असला तरी आपल्या वाचकांना परका वाटू नये. एक खलपुरुष, एक इन्स्पेक्टर, एक बंद खोली आणि एक पडदा, असा सगळा ओळखीचा सरंजाम त्यात आहे. ‘डॉ. माबुझे यांचे मृत्युपत्र’ हे त्याचे नाव. दिग्दर्शक फ्रित्झ लांग. साल १९३३. आणि या चित्रपटाच्या कथेला पडद्याबाहेर जे धागे फुटले, त्यांतला एक थेट आपल्या बेळगावजवळच्या एका खेड्यात येऊन पोहोचतो!

नोटांच्या ढिगात वेडा झालेला माणूस

माबुझे हा मूळचा कादंबरीतला. नॉर्बर्ट जाक नावाच्या लेखकाने तो निर्माण केला आणि १९२१ साली बर्लिनच्या एका खपाऊ सचित्र साप्ताहिकातून तो घरोघर गेला. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, लांगने त्याच्यावर दोन भागांचा मूकपट काढला. दोन्ही भाग मिळून चार तासांहून जास्त!

हा माबुझे मानसशास्त्रज्ञ आहे, जुगारी आहे, बहुरूपी आहे. समोरच्या माणसावर नजर रोखून तो त्याला संमोहित करतो आणि जिंकत आलेला डाव हरावयास लावतो. चोरलेल्या एका कराराच्या बातमीवर शेअरबाजार पाडतो आणि पुन्हा चढवितो. खोट्या नोटा छापतो; त्या मोजावयास त्याने आंधळे कामकरी ठेवले आहेत. सरकारी वकील फॉन वेंक त्याचा माग काढतो, आणि शेवटी माबुझे सापडतो तो त्याच कोंदट तळघरात, खोट्या नोटांच्या ढिगात, भ्रमिष्ट होऊन बसलेला.

हे कथानक अतिरंजित वाटेल. पण ज्या लोकांनी ते तिकीट काढून पाहिले त्यांचे रोजचे जिणे काय होते? नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. सकाळचा पगार संध्याकाळी कवडीमोल होई. जेथे खऱ्या नोटेचीच अशी गत, तेथे खोट्या नोटा छापणाऱ्याला वेगळे वेडे कोण म्हणणार? आपल्या मेहनतीची किंमत कोणीतरी कोठेतरी बसून पुसून टाकीत आहे, ही त्या काळच्या मध्यमवर्गाची भीती होती. लांगने त्या भीतीला एक चेहरा दिला, एवढेच.

मेलेल्या माणसाचे हुकूम

दहा वर्षांनी लांगने माबुझेला पुन्हा बाहेर काढले. आता बोलपट आले होते, आणि लांगला ध्वनीचे नवे वेड लागले होते.

चित्रपट सुरू होतो तो एका धडधडाटात. कोठले तरी यंत्र चालू आहे. खोली हादरते आहे, टेबलावरच्या वस्तू थरथरत आहेत. एक घाबरलेला माणूस पेटीमागे दडून बसला आहे. दोघेजण आत येतात, बोलतात. पण त्या आवाजात आपल्याला एक शब्द ऐकू येत नाही. मूकपटात संवाद ऐकू येत नसत, कारण ध्वनीच नव्हता. येथे ऐकू येत नाहीत, कारण ध्वनी फार आहे! आमच्या कॉलेजच्या चित्रपट मंडळात हा बोलपट मी दाखविला तेव्हा मागच्या बाकावरची कुजबूज त्या पहिल्या दोन मिनिटांतच बंद पडली.

दडलेला माणूस आहे होफमायस्टर, पोलीसखात्यातून बडतर्फ झालेला. गेलेली अब्रू परत मिळवावी म्हणून तो स्वतःच्या हिमतीवर खोट्या नोटांच्या टोळीचा माग काढीत आहे. कसाबसा निसटून तो आपल्या जुन्या साहेबांना, इन्स्पेक्टर लोहमानना, फोन करतो. सूत्रधाराचे नाव तो सांगणार, इतक्यात दिवे जातात, गोळ्या सुटतात. तो पुन्हा सापडतो तेव्हा भ्रमिष्ट होऊन गाणे म्हणत असतो. नाव मात्र त्याने खिडकीच्या काचेवर ओरखडून ठेवले आहे. लोहमान ती काच काढून आणतो, उलटसुलट करून पाहतो, आणि अक्षरे जुळतात: माबुझे.

पण माबुझे तर दहा वर्षे प्रोफेसर बाउमच्या वेड्यांच्या इस्पितळात खाटेवर बसून आहे! तो बोलत नाही, कोणाकडे पाहत नाही. फक्त लिहितो. आधी नुसत्या रेघोट्या, मग अक्षरे, मग वाक्ये, आणि मग पानेच्या पाने. त्या पानांत गुन्ह्यांचे आराखडे आहेत: नोटा कशा पाडाव्यात, कारखाने कसे उडवावेत, पाण्यात विष कसे कालवावे. हे सारे पैशासाठी नव्हे. लोकांचा कशावरच विश्वास उरू नये, घाबरून ते सैरावैरा व्हावेत, आणि त्या गोंधळावर गुन्ह्याचे साम्राज्य उभे राहावे, यासाठी. टोळीतली माणसे आपसांत कुरकुरतात, की जिवावर उदार होऊन हे उद्योग करावयाचे आणि त्यातून मिळकत नाही, हा काय धंदा? बिचारे चोर! चोरीला हिशेब असतो, एवढेच त्यांना ठाऊक.

टोळीला हुकूम मिळतात ते एका खोलीत. मध्ये पडदा, पडद्यामागे बसलेल्या माणसाची सावली आणि एक आवाज. त्याला कोणी पाहिलेले नाही. मग एके दिवशी माबुझे मरतो. लोहमान शवागारात जाऊन प्रेत डोळ्यांनी पाहतो. आणि हुकूम? ते येतच राहतात.

चौकातला तो प्रसिद्ध प्रसंग येथे सांगितल्याविना राहवत नाही. इस्पितळातल्या एका डॉक्टरला माबुझेची पाने आणि शहरातला जवाहिऱ्याकडचा दरोडा यांचा मेळ दिसतो. तो मोटारीने निघतो. चौकात लाल दिवा. शेजारच्या मोटारीतला माणूस गंमतीने भोंगा वाजवू लागतो. मागचे वाजवितात, पुढचे वाजवितात. डॉक्टरही हसून आपला भोंगा वाजवितो. त्या गलबल्यात गोळीचा आवाज कोणाला ऐकू येणार? दिवा हिरवा होतो. सगळ्या मोटारी निघतात. एक तेवढी जागची हलत नाही.

चिरूट ओढणारा इन्स्पेक्टर

आता या सूत्रधाराचा पाठलाग करणारा लोहमान. ओटो वेर्निके या नटाने लांगच्या १९३१ च्या ‘एम’ या बोलपटातही हीच भूमिका केली होती. शेरलॉक होम्सचे तेज याच्यात नावाला नाही. अंगाने भरलेला, तोंडात चिरूट, कपाळावर आठी, आणि बोलणे खास पोलीसचौकीचे. चित्रपटाच्या आरंभी त्याला काळजी कसली? तर आज तरी संगीतिकेचा पहिला अंक चुकू नये याची. पण फोन येतो आणि तो अंक चुकतोच.

मला हा माणूस फार आवडतो. त्याच्यापाशी अलौकिक बुद्धी नाही, चिकाटी आहे. तो काच तपासतो, फायली चाळतो, पकडलेल्या माणसांशी कधी दरडावून तर कधी चुचकारून बोलतो. आणि त्याला खरा हात देतो तो टोळीतलाच एक तरुण, केंट. तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस, म्हणून कोठे काम मिळेना. १९३२ साली जर्मनीत सुमारे ६० लाख माणसे बेकार होती. तेथे याला कोण विचारतो? टोळी त्याला पोसते. पण लिली नावाची मुलगी त्याला माणसात आणते, आणि तो एके दिवशी ‘नाही’ म्हणतो.

त्या दोघांना पडद्याच्या खोलीत कोंडण्यात येते. आवाज त्यांना सांगतो की येथून तुम्ही जिवंत जाणार नाही. केंट पडद्यावर गोळ्या झाडतो, पडदा ओढून काढतो, आणि मागे माणूस नसतोच! लाकडी फळीची कापलेली आकृती आणि एक ध्वनिवर्धक. इतकी माणसे इतके दिवस भीत होती ती एका फळीला.

ते दोघे खोलीत पाणी भरून स्फोटातून कसे वाचतात, हे पाहावयाचे पडद्यावरच. पण उलगडा सांगितला पाहिजे, कारण या चित्रपटाचे मर्म त्यात आहे. आवाज होता प्रोफेसर बाउमचा. त्याच्या अभ्यासिकेच्या दाराची मूठ कोणी फिरविली की आत ग्रामोफोन लागे आणि ‘मला त्रास देऊ नका’ अशा अर्थाचे शब्द बाहेर ऐकू येत. नोकरांना वाटे, साहेब कामात आहेत. साहेब बाहेर शहर जाळावयास गेलेले!

पण बाउम हा ढोंगी खलनायक नव्हे. त्याने माबुझेची पाने वर्षानुवर्षे वाचली, त्याच्यावर विद्यार्थ्यांना व्याख्याने दिली. त्या व्याख्यानात वैद्याची तटस्थता हळूहळू सुटते आणि भक्ताचा कंप येतो. एका रात्री माबुझेचे भूत त्याच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसते आणि मग त्याच्यात शिरते. शिकविण्याचा पेशा पत्करलेल्या माणसाला हा प्रसंग विशेष झोंबतो. एखाद्या बुद्धीचे कौतुक करता करता ती बुद्धी कशासाठी राबते आहे हे विसरणे, हा विद्वानांचा जुना रोग आहे. चोराला चोरीत लाभ दिसतो. विद्वानाला तर नुसते तेज पुरते. चित्रपटाच्या अखेरीस रात्रीच्या अंधारात मोटारींचा पाठलाग होतो आणि बाउम परत आपल्याच इस्पितळात येतो, एका कोठडीत शिरतो, माबुझेची पाने फाडू लागतो. लोहमान दारात उभा. कैदी सापडला आहे, पण बेडी घालावी कोणाला? येथे पोलिसाचे काम संपते, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

बंदी आणि एक दंतकथा

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये गोबेल्स प्रचारमंत्री झाला, आणि २९ मार्चला या चित्रपटावर बंदी आली. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका, हे कारण. सुव्यवस्थेची काळजी कोणाला पडावी, हाही नशिबाचा खेळच! एप्रिलमध्ये तो प्रथम दाखविला गेला तो बुडापेस्टला. फ्रेंच नट घेऊन त्याची फ्रेंच आवृत्तीही बरोबरच तयार झाली होती. ती पॅरिसला झळकली. खुद्द जर्मनीतल्या लोकांना तो पाहावयास मिळाला १९५१ मध्ये, हिटलर आणि गोबेल्स दोघेही मरून सहा वर्षे झाल्यावर.

पुढे लांग एक गोष्ट सांगे. गोबेल्सने आपल्याला बोलावून घेतले, चित्रपटाचा शेवट तेवढा पसंत नसल्याचे सांगितले आणि जर्मन चित्रपटसृष्टीचे प्रमुखपदच देऊ केले. लांगची आई जन्माने ज्यू होती. त्याने ते सांगितले, तरी गोबेल्सने मनावर घेतले नाही. बोलणे लांबत चालले, लांगचे लक्ष खिडकीबाहेरच्या घड्याळाकडे. बँका बंद होण्याची वेळ टळली. त्याच रात्री हाती लागेल ते घेऊन त्याने पॅरिसची गाडी पकडली.

किती सुरेख गोष्ट! लांगचाच चित्रपट शोभावा. पण पुढे संशोधकांनी लोहमानचे काम केले. लांगचा पासपोर्ट उपलब्ध आहे. त्याच्यावरचे शिक्के सांगतात की त्या वर्षी तो अनेकदा ये-जा करीत होता आणि कायमचा बाहेर पडला तो जुलैअखेर. गोबेल्सच्या रोजनिशीतही या भेटीची नोंद नाही. १९४३ साली अमेरिकेत चित्रपट लागला तेव्हा लांगने सांगितले की नाझींच्या घोषणाच आपण गुन्हेगारांच्या तोंडी घातल्या होत्या. कोठडीत बसून ग्रंथ लिहिणारा माबुझे पाहताना हिटलरचा तुरुंगातला ग्रंथ आठवतो, हे खरेच. पण पटकथा लिहिली गेली ती हिटलर सत्तेवर येण्याआधी. आणि ती लिहिणाऱ्या बाईंची पुढची वाट पाहिली म्हणजे लांगचे म्हणणे तितके सरळ उरत नाही.

बेळगावचा धागा

त्या बाई म्हणजे टेआ फॉन हार्बू. लांगची पत्नी, आणि त्याच्या ‘मेट्रोपोलिस’, ‘एम’ यांसारख्या गाजलेल्या चित्रपटांची लेखिका. माबुझेचे काम करणारा रूडॉल्फ क्लाइन-रोग्गे हा त्यांचा पहिला नवरा! दिग्दर्शक दुसरा नवरा. आणि हा चित्रपट होत असताना त्यांचे मन तिसऱ्याच माणसाकडे लागले होते. तो अयी गणपत तेंडुलकर: बेळगावजवळच्या बेळगुंदीचा, शिक्षणासाठी युरोपात गेलेला आणि बर्लिनमध्ये पत्रकारी करणारा मराठी तरुण. बाईंपेक्षा तो वयाने सुमारे सोळा वर्षांनी लहान होता.

एप्रिल १९३३ मध्ये लांग आणि बाईंचा घटस्फोट झाला. बाईंनी तेंडुलकरांशी गुपचूप लग्न केले. गुपचूप, कारण नव्या राजवटीत एका हिंदी माणसाशी लग्न उघडपणे मिरविणे शक्य नव्हते. महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, तेंडुलकर मायदेशी परतले. त्यांनी बेळगावात वृत्तपत्र चालविले, इंग्रज सरकारचा तुरुंग भोगला, आणि इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह गांधीजींनी घातलेली प्रतीक्षेची अट पाळून १९४५ साली झाला. हे सारे त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात सांगितले आहे.

आणि टेआ फॉन हार्बू? त्या जर्मनीतच राहिल्या. नाझी पक्षाच्या सभासद झाल्या, त्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिल्या. बर्लिनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना त्यांनी आधार दिला, हेही तितकेच खरे. पडद्यामागच्या आवाजाची कथा जिने लिहिली, पडदा ओढला तर मागे फळीच निघते हे ज्या लेखणीने दाखविले, ती बाई दुसऱ्या एका आवाजाच्या राज्यात बारा वर्षे लिहीत बसली. एका मराठी माणसावर जीव टाकणारी ही बाई, आणि वंशाच्या नावाने माणसे मारणाऱ्या पक्षाची सभासद! मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बराच विचार केला. एकीने दुसरी पुसली जात नाही, एवढेच मला म्हणता येते. १९५४ साली बर्लिनला त्या वारल्या.

त्याच १९३३ मध्ये आपले शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीत होते. परतल्यावर त्यांनी काढलेल्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) राजगुरूचा पडदा भरून टाकणारा डोळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना माबुझेची रोखलेली नजर अगदी अनोळखी वाटणार नाही. राजगुरूही पडद्यामागचा सूत्रधारच. मात्र त्याच्यापाशी धर्माचा आवाज होता; ग्रामोफोनची गरज नव्हती.

लांग अमेरिकेत वीस वर्षे चित्रपट काढून म्हातारपणी जर्मनीस परतला. तेथे त्याने काय काढले? टेआबाईंच्या जुन्या कादंबरीवरचे दोन हिंदुस्थानी चित्रपट. १९५९ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटांचे बाह्यचित्रण उदेपूरला झाले. आणि त्यानंतर १९६० साली, शेवटचा चित्रपट म्हणून, पुन्हा माबुझे! १९७६ मध्ये तो वारला.

यंदा दिवाळीच्या सुटीत घरच्या मंडळींना रहस्यपट पाहावयाचा असेल, तर हा शोधून पाहा. दोन तासांचा आहे, काळापांढरा आहे, आणि मुलांना जर्मन येत नसले तरी खाली इंग्रजी अक्षरे असतात. भीती वाटेल ती भुताच्या प्रसंगी नव्हे. त्या दाराच्या मुठीच्या प्रसंगी वाटेल. घरातल्या नोकराने रोज तो आवाज ऐकला, रोज अदबीने मागे सरला, आणि आत कोणी आहे की नाही हे उघडून पाहण्याचे धाडस त्याने केले नाही. केंटने केले; तेही पदरी तुरुंगाचा डाग असताना, आणि खिशात दमडी नसताना. लोहमानची सारी चिकाटी खर्ची पडली असती, जर हा एक माणूस पडद्यापर्यंत चालत गेला नसता.